डावा मेंदू, उजवा मेंदू: एक खुलासा
हिशेबी माणसाचा डावा मेंदू प्रबळ असतो आणि कलावंताचा उजवा, हा समज अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांच्या ज्या संशोधनातून पसरला, त्याला १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले; मात्र त्यातील रुग्णांच्या मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा तंतूंचा जाड पट्टा अपस्मारावरील उपचार म्हणून छेदलेला होता. आपला पट्टा शाबूत असल्याने दोन्ही गोलार्धांत अखंड देवाणघेवाण चालते. बहुतेकांच्या बाबतीत भाषेचे व्याकरण प्रामुख्याने डावीकडे आणि बोलण्यातील चढउतार अधिक उजवीकडे हाताळले जातात, एवढी कामाची विभागणी खरी आहे. परंतु त्यावरून स्वभाव ठरत नाही: अमेरिकेतील यूटा विद्यापीठाने २०१३ मध्ये हजाराहून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा कोणाचीही एक बाजू सरसकट वरचढ आढळली नाही. तरीही ‘उजवा मेंदू जागवणारे’ वर्ग जोरात चालतात, हे विशेष.