कडुलिंबातली शीळ

पक्षी बघायला सोलापुरात आलेला माणूस थेट नान्नजचा रस्ता धरतो. माळढोकाचं नावच मोठं. पण पावसाची पहिली सर पडून गेली की माझे कान विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहाराकडे लागतात. कुठल्यातरी कडुलिंबातून लांबलचक शीळ येते, ‘वीऽऽऽ’, आणि शेवटी एकदम खाली घसरते, ‘टू’. हा सुभग.

आवाज येतो, पक्षी मात्र दिसत नाही. चिमणीएवढा जीव, पोट पिवळं, पाठ हिरवट, त्यामुळे पानांत मिसळून जातो. अळ्या शोधताना फांदीला उलटा लटकतो. दुर्बीण घाईने फिरवू नका. एका जागी उभं राहून कोणतं पान वाऱ्याशिवाय हललं ते बघा.

पिवळं दिसलं म्हणजे सुभगच, असंही नाही. चष्मेवाला नावाच्या पक्ष्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं, शिंजीर पक्ष्याच्या मादीची चोच बारीक आणि वाकडी असते. सुभगाची खूण पंखांवर: दोन ठळक पांढरे पट्टे. ते नर-मादी दोघांनाही असतात आणि वर्षभर टिकतात. रंगावर विसंबून राहिलात तर फसाल. विणीच्या काळात नराचं डोकं आणि पाठ काळी होते, हिवाळ्यात तो काळेपणा ओसरतो आणि तो मादीसारखाच दिसू लागतो.

खरा तमाशा पावसाळ्यात. नर फांदीवरून हवेत उसळतो, कमरेवरची पांढरी पिसं फुलवतो आणि कापसाच्या बोंडासारखा गोल होऊन गिरक्या घेत खाली येतो. सोबत बेडकासारखा किरकिरता सूर. एवढा खटाटोप मादीसाठी! पुढे मात्र तो अंगचोर नाही. बेचक्यात कोळिष्टकांनी बांधलेल्या वाटीसारख्या घरट्यातली २ ते ४ अंडी दोघंही आळीपाळीने सुमारे १४ दिवस उबवतात.

आपल्या कोरड्या मुलखात एक घोटाळा होऊ शकतो. सुभगाचाच भाऊबंद, मार्शलचा सुभग, अशाच काटेरी रानात राहतो. त्याच्या शेपटीत पांढरं असतं, आपल्या सुभगाच्या नराची शेपटी सगळी काळी. तेव्हा नोंदवहीत नाव लिहिण्याआधी तो पाठमोरा होईपर्यंत थांबा. बाभळीखाली मान अवघडते, पण इलाज नाही.