टोळीचा हिशेब

नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये ट्रक लागला की गोणी कोण उतरवणार आणि थप्पी कोण लावणार, हे ओरडून सांगावे लागत नाही. हमालांच्या टोळीला ते ठाऊक असते. मजुरी टोळीच्या खात्यावर धरली जाते आणि हजेरीप्रमाणे वाटली जाते. पन्नाशीतला गडी तरण्या पोराइतक्या खेपा करत नाही, तरी वाटा सारखाच.

ही रीत नवी मुंबईपेक्षा जुनी. सातारा-सांगलीकडची माणसे मुंबईत आली ती गावाच्या धाग्याने. गावाची एक खोली, पाळीपाळीने झोपायचे, आधी आलेल्याने मागून आलेल्याला कामाला लावायचे. गावी एकमेकांची शेते सावडीने उरकायची सवय होतीच. मशीद बंदरच्या गोदामांतल्या टोळीत मला तीच सावड दिसते.

सावडीने भाकरी वाटून घेता येते, म्हातारपणाची तजवीज मात्र होत नाही. आज या पेढीवर, उद्या त्या, मग हमालाचा मालक कोण? व्यापारी हात वर करत. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली आणि 1969 मध्ये महाराष्ट्राने ओझी वाहणाऱ्या या हमालांसाठी, म्हणजे माथाडींसाठी, माथाडी कायदा केला. त्यातून माथाडी मंडळे आली. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, मंडळात भरायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधपाणी. या कायद्याचे खरे शहाणपण पुढे आहे. प्रत्येक हमालाला एकेका मालकाशी बांधण्याच्या फंदात तो पडला नाही. टोळी होती तशी राहू दिली, मुकादमही राहिला. माणसे आधीपासून जे पाळत होती त्यावरच नोंदणीची इमारत उभी राहिली, म्हणून ती टिकली.

पुढे मुंबईतले बाजार खाडीपलीकडे नवी मुंबईत आले: 1981 मध्ये कांदा-बटाटा, 1996 मध्ये फळे-भाजी. टोळ्याही आल्या, कोपरखैरणे-घणसोलीत माथाडींची घरे झाली.

त्याच धाग्याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. टोळीतली जागा बहुधा मुलाला, भावकीला, गाववाल्याला मिळते. ज्याचे गाव इथे आधी पोचले नाही, तो दाराबाहेर उभा राहतो, आणि कायद्याचे छत्रही त्याच्यापर्यंत पोचत नाही. हा अन्याय टोळीतल्या माणसाला सहसा जाणवत नाही; त्याच्या लेखी तो आपल्या माणसाला दिलेला हात असतो. पण 50 किलोंहून जड गोण्या येऊ लागल्या तेव्हा याच मार्केटमध्ये टोळ्यांनी एकजुटीने काम थांबवले, ते त्याच आपलेपणाच्या बळावर.