मौखिक इतिहास : गोव्यातील संकलन आणि त्याची नीती

घडलेल्या गोष्टी ज्यांनी पाहिल्या, सोसल्या किंवा घडवल्या, त्यांच्या तोंडून त्या पूर्वतयारीने ऐकणे, ध्वनिमुद्रित करणे आणि पुढच्या अभ्यासकाला तपासता येतील अशा रीतीने जतन करणे, या पद्धतीला मौखिक इतिहास म्हणतात. धालो-फुगडीची गीते, दैवतकथा, कहाण्या ही मौखिक परंपरा. तिचे संकलन हा वेगळा विषय. मौखिक इतिहासात माणूस स्वतःच्या आयुष्याविषयी बोलतो. त्यामुळे त्याच्या नावाचा, अब्रूचा आणि हक्काचा प्रश्न पहिल्या वाक्यापासूनच उभा राहतो. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली या कामाला संस्थेचे रूप दिले. सुरुवातीला भर नामवंतांवर होता. कामगार, स्त्रिया आणि खेडुतांच्या आठवणींकडे अभ्यासक पुढच्या दशकांत वळले.

गोव्यात कागद कमी नाहीत. पणजीच्या पुराभिलेखागाराचा उगम १५९५ सालचा, दियोगु द कोउतु या इतिहासकाराच्या काळातला आहे. पण तिथले बहुतेक दप्तर राज्यकर्त्यांनी, पोर्तुगीज भाषेत, कारभारासाठी लिहिलेले. त्यात कूळ, भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर बांधून राहणारा मुंडकार, कुणबी बाई, मंदिरात सेवा करणारी कलावंतीण भेटते ती देणेकरी, तक्रारदार किंवा आरोपी म्हणून. तिचे स्वतःचे म्हणणे हवे असेल तर तिच्या किंवा तिच्या नातवंडांच्या ओसरीवर जाऊन बसावे लागते.

सांगे तालुक्यातले कुर्डी हे गाव साळावली धरणामुळे १९८० च्या दशकात बुडाले. गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. तिथले प्राचीन महादेव मंदिर दगड सुटे करून दुसऱ्या जागी पुन्हा उभारले गेले. माणसे वाडे, वालकिणी अशा वसाहतींत गेली. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरले की घरांची जोती, विहिरी, वाटा उघड्या पडतात आणि मूळचे गावकरी देवाच्या उत्सवासाठी परततात. शिकाऊ संकलकाला प्रश्न विचारायचे शिकण्यासाठी याहून चांगली जागा गोव्यात क्वचितच सापडेल. ‘विस्थापनाबद्दल काय वाटतं?’ या प्रश्नाला वर्तमानपत्रात येऊन गेलेलेच उत्तर मिळते. ‘आजी, न्हाणी कुठल्या अंगाला होती? विहिरीवर पहाटे सगळ्यांत आधी कोण यायचं?’ असे विचारले, की जोत्यावर उभी असलेली म्हातारी हातांनी भिंती दाखवू लागते. कोणाची सून कुठे बसायची, कोणाचा माड कोणत्या बांधावर होता, त्या बांधावरून कोण कोणाशी बोलेनासे झाले, हे सगळे एकामागून एक येते. मात्र त्या दिवसांत तिथे शेजारी, भावकी आणि कॅमेरेवाले सगळेच असतात. भांडणाचा, वाटणीचा, नुकसानभरपाईचा विषय चारचौघांत निघाला तर तो तिथेच थांबवावा आणि सवडीने, वसाहतीतल्या घरी, तिची इच्छा असेल तरच पुन्हा काढावा.

मुक्तिसंग्रामाच्या आठवणी त्या मानाने जास्त नोंदल्या गेल्या. राममनोहर लोहियांची १८ जून १९४६ ची मडगावची सभा, म्हापशातला सुधाताई जोशी यांचा १९५५ चा सत्याग्रह, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात जंगलातून चालवलेले गुप्त रेडिओकेंद्र, हे प्रसंग ठळक आहेत. ज्यांना सन्मान आणि निवृत्तिवेतन मिळाले त्यांनी आपली हकिकत इतक्यांदा सांगितलेली असते की ती घोटीव होते. भूमिगतांना रात्री जेवू घालणाऱ्या, चिठ्ठ्या पोचवणाऱ्या बायकांना मात्र फारसे कुणी विचारले नाही, आणि आता त्या पिढीतली थोडीच माणसे उरली आहेत. आधी त्यांच्याकडे जायला हवे.

आठवणीत सन चुकतात, प्रसंग एकमेकांत मिसळतात. इटलीतल्या तेर्नी शहरात लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. अनेक कामगारांच्या आठवणीत मात्र तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षात मेला. अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी या चुकीतूनच लोकांनी त्या मृत्यूला कोणता अर्थ दिला ते शोधले. म्हणून सांगणाऱ्याला मध्येच अडवून सन दुरुस्त करू नये. तपासणी नंतर, कागदांशी ताडून, टिपेत करावी.

नीतीचा खरा कस लागतो तो प्रदेशाच्या लहानपणामुळे. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात. एवढ्याशा मुलखात नाव बदलून माणूस लपत नाही. वाडा, कुलदैवत आणि धंदा एवढे सांगितले तरी ऐकणारा घर ओळखतो. पोर्तुगीज पोलिसांच्या हातचा मार खाल्लेला माणूस कोणी खबर दिली तेही सांगतो, आणि त्या खबऱ्याची नातवंडे त्याच वाड्यावर नांदत असतात. त्यांची बाजू मांडायला तिथे कोणी नसते. असा भाग मूळ ध्वनिमुद्रणात जसाच्या तसा ठेवून, ठरलेल्या मुदतीपर्यंत बंद ठेवणे हाच मार्ग सचोटीचा आहे. कलावंत घराण्यांबाबतही हेच. आजी मोकळेपणी बोलेल, पण त्या बोलण्याची झळ नातीला लागू शकते. म्हणून आजीच्या मर्जीने नातीशीही बोलून घ्यावे.

विचारणारा कोण, यावर उत्तर ठरते. भाटकाराच्या नातवाने मुंडकाराला जुन्या दिवसांविषयी विचारले तर ‘बरे दिवस होते, बाब’ एवढेच ऐकू येईल. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांखालचे दावे अजून निकालात निघायचे आहेत. घर कधी बांधले, कोणाच्या परवानगीने, याविषयी सहज बोललेले वाक्य उद्या पुरावा म्हणून समोर येऊ शकते. हे सांगणाऱ्याला ध्वनिमुद्रणापूर्वी सांगितलेच पाहिजे. सांगून तो विषय त्याने टाळला, तर तोही त्याचा हक्क.

भाषेचे पथ्य नाजूक आहे. घरात कोंकणी, शाळेत आणि भजनात मराठी, कचेरीत पोर्तुगीज अशा आयुष्यातून आलेला माणूस एका दमात तिन्ही वापरतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा १९६७ चा जनमत कौल आणि कोंकणीला राजभाषा करणारा १९८७ चा राजभाषा कायदा यांभोवतीच्या वादांचे व्रण अजून ओले आहेत. प्रतिलेखनात, म्हणजे ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढताना, त्याचे बोलणे प्रमाण मराठीत किंवा ‘शुद्ध’ कोंकणीत ओढून बसवणे म्हणजे त्याची बाजू परस्पर ठरवणे होय. जसे बोलला तसे लिहावे, अर्थ हवा तर शेजारी द्यावा.

हे काम पुस्तकापेक्षा हाताने येते. पहिली मुलाखत आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्याची घ्यावी आणि तिचे प्रतिलेखन स्वतः, एक शब्द न गाळता करावे. तासाभराच्या बोलण्याला सहा-सात तास सहज लागतात, आणि आपण किती वेळा मध्ये तोंड घातले ते त्यातच कळते. पंखा बंद, फोन बंद, मुद्रण ‘वेव्ह’ या आवाज न दाबणाऱ्या फाइल-स्वरूपात, त्याच रात्री दोन वेगळ्या ठिकाणी प्रती. मृगापासून पुढचे तीन महिने कौलांवरचा पाऊस मुद्रणात सगळे गिळतो. चतुर्थीला माणसे घरी सापडतात, पण निवांत नसतात. लांब बैठकीला हिवाळा बरा.

संमती दोनदा घ्यावी : बोलण्याआधी मुद्रणाची, आणि प्रतिलेखन वाचून दाखवल्यावर वापराची. वाचता न येणाऱ्याला मुद्रण ऐकवून तोंडी संमती मुद्रित करून घेता येते. संमतिपत्रात काय उघडे, काय फक्त अभ्यासकांसाठी, काय किती वर्षे बंद, हे भागागणिक लिहिलेले असावे. इंटरनेटवर एकदा गेलेले मुद्रण पुरते परत घेता येत नाही, हे सही घेण्यापूर्वी सांगावे. एक प्रत घरच्यांकडे पोचती करावी, आणि सांगणाऱ्याच्या पश्चात बंद भाग उघडायचा की नाही हे ठरवणाऱ्याचे नाव त्याच्याच तोंडून नोंदवून घ्यावे.