पुरुषोत्तम आणि फिरोदिया: करंडक दोन, खेळ वेगळे

पुरुषोत्तम आणि फिरोदिया या पुण्यातल्या कॉलेजांच्या दोन रंगमंचीय स्पर्धा. इथे फर्स्ट इयरला आलेल्या मुलांना कोणीतरी सिनियर हमखास सांगतो, "फिरोदिया म्हणजे पुरुषोत्तमच रे, फक्त नाच-गाणं जास्त." या एका वाक्यापायी उत्तम चित्रं काढणारी मुलं पावसाळ्यात नाटकाच्या तालमीला येतात, आठवडाभर लेव्हल (स्टेजवरचे लाकडी चौथरे) उचलतात आणि परत फिरकत नाहीत. नाटकवाले ऑगस्टमध्ये पडलेली एकांकिका फेब्रुवारीत चार गाणी घालून पुन्हा उभी करतात आणि पुन्हा पडतात. दरवर्षी तेच बघून वैताग येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो आहे.

पुरुषोत्तम बहुतेकांना माहीत असतो, त्यामुळे थोडक्यात. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. जुलैत लॉट्स (कोणी कधी सादर करायचं याच्या चिठ्ठ्या), ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी, रोज संध्याकाळी तीन एकांकिका, त्यातून नऊ संघ अंतिम फेरीत. "अरे आव्वाज कुणाचा" वगैरे घोषणा तुम्ही ऐकलेल्याच आहेत. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की इथे लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांनाच मोल आहे. नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत यांना बक्षीस नाही. गाणं घ्यायला कोणी अडवत नाही, पण ते गाणं तुम्हाला तारणारही नाही. आणि ही कसोटी कडक आहे. २०२२ च्या अंतिम फेरीत एकही एकांकिका त्या तोलाची वाटली नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर बरंच रान उठलं होतं.

फिरोदिया करंडक १९७४ पासूनचा, स्वप्नभूमीने सुरू केलेला, विविध कलांची सांगड घालणारा. तो फेब्रुवारीच्या आसपास असतो, टीम मोठी असते, खर्च जास्त येतो. लोक फरक सांगताना नेमके हेच मुद्दे सांगतात आणि तिथेच थांबतात. महिने आणि माणसं मोजून काही कळत नाही.

खरी मेख वेगळी आहे. पुरुषोत्तममध्ये गोष्ट नटाच्या अंगातून पुढे जाते. फिरोदियात ती कलेच्या हातून पुढे जायला हवी. गोष्ट थांबवून कला दाखवायची नाही, कलेनेच गोष्टीतलं पुढचं पाऊल टाकायचं.

एकच गोष्ट दोन्हीकडे करून बघू. समजा, एका घरात आई जाऊन बरीच वर्षं झाली आहेत आणि म्हाताऱ्या वडिलांना तिचा चेहरा नीट आठवेनासा झालाय. घरात तिचा एकही धड फोटो नाही. पुरुषोत्तमला ही गोष्ट नेली तर दोन खुर्च्या आणि दोन नट पुरतात. मुलगा विचारतो, वडील सांगायचा प्रयत्न करतात, अडतात, चिडतात, विषय बदलतात. ती बाई प्रेक्षकांना वडिलांच्या अडखळण्यात दिसते. तिथे कोणी मूर्ती आणून ठेवली तर सगळा खेळ बिघडेल, कारण न दिसण्यातच तिची जागा आहे.

आता तीच गोष्ट फिरोदियाला. मुलगा मूर्तिकार आहे आणि खरोखर शाडूची माती घेऊन स्टेजवर बसलाय. वडील सांगतात तसा तो चेहरा घडवतो. नाक झालं की वडील म्हणतात, "एवढं सरळ नव्हतं रे तिचं." अंगठ्याने माती दाबली जाते, नाक थोडं बसतं. मग कपाळ. मग हनुवटीवर बोट फिरतं आणि वडील एकदम गप्प होतात, कारण चेहरा जमून आलाय. त्या क्षणाला संवाद लागत नाही. पण तो क्षण यायचा तर मातीत खरंच चेहरा उमटला पाहिजे, रोजच्या रोज, ठरलेल्या मिनिटाला. मूर्तिकाराचा हात चुकला तर गोष्ट तिथेच मरते. इतकी जबाबदारी कलेवर टाकलीत तर तो फिरोदिया.

म्हणून माझी तपासणी सोपी आहे. संहितेतून ती कला काढून टाका आणि वाचून बघा. गोष्ट तशीच चालत असेल तर तुम्ही एकांकिका लिहिली आहे. चांगली असेलही, पण ती ऑगस्टमध्ये न्यायला हवी होती.

या तपासणीत काय काय गळून पडतं ते सांगतो, कारण यातल्या काही गोष्टी बघून आता खरंच संताप येतो. पहिली म्हणजे जत्रा. कलाकार खूप आणि गोष्ट लहान असली की नायक जत्रेत जातो आणि तिथे जादूगार, गारुडी, पोवाडा, रांगोळी एकामागून एक येऊन जातात. जत्रा नसेल तर स्वप्न असतं. दुसरं, मागच्या कोपऱ्यात तीस मिनिटं पाठमोरा उभा राहून रंग फासणारा मुलगा, ज्याचं चित्र शेवटी उलटं केलं की कोणाचा तरी चेहरा दिसतो आणि टाळ्या पडतात. त्या चेहऱ्याचा गोष्टीशी संबंध काय, हे टीमलाही सांगता येत नाही. त्या मुलाच्या हातात कला असते आणि त्याला पडदा रंगवणाऱ्यासारखं वापरलं जातं, हा त्याच्यावर अन्याय आहे. तिसरं, नाच सुरू झाला की सगळी पात्रं पात्र असणंच सोडून देतात. आत्ताच भांडलेले दोन भाऊ हसत हसत एका ओळीत नाचतात.

यामागचं कारण कामाच्या क्रमात आहे. पुरुषोत्तमसाठी आधी संहिता मिळते, वाचन होतं आणि मग पात्रांसाठी मुलं शोधली जातात. फिरोदियाला हाच क्रम लावला की घात होतो. तिथे आधी कॉलेज पिंजून काढायचं. कोण संबळ वाजवतं, कोणाला कुंभाराचं चाक फिरवता येतं, कोणाचे हात सावल्यांच्या खेळात तरबेज आहेत, हे दिवाळीच्या आतच माहीत हवं. लेखकाने त्या मुलांसमोर बसून बघायचं. चित्राला किती मिनिटं लागतात, माती कधी सुकायला लागते, गाणाऱ्या मुलीचा आवाज नाचून झाल्यावर टिकतो का. मग लिहायला घ्यायचं. आधी लिहून ठेवून "इथे एक पेंटिंग येईल" असं कंसात टाकणारा लेखक मला मान्यच नाही.

लेखक म्हणून मला फिरोदिया जास्त अवघड वाटतो, आणि लोक त्याला हलका समजतात हे मला पटत नाही. पण अभिनय किंवा दिग्दर्शन शिकायचं असेल तर पहिल्या वर्षी पुरुषोत्तमच करा, यावरही मी ठाम आहे. गाणं, दिवे, सेट यांचा आडोसा तिथे मिळत नाही, त्यामुळे वाक्य खोटं पडलं की लगेच ऐकू येतं. चित्रकार, वादक, नर्तक, मूर्तिकार यांनी मात्र ऑगस्टमध्ये लेव्हल उचलून वर्ष घालवू नये. बॅकस्टेजची आवड असेल तर जरूर जा, ते मानाचं काम आहे. आपल्या कलेला जागा मिळेल या आशेने जाऊ नका.

राहता राहिला प्रश्न गाजलेल्या एकांकिकेचा. तिला पुढे न्यायची असेल तर फिरोदिया हा त्यासाठीचा रस्ता नव्हे. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा असते, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री, दुसऱ्या स्पर्धांमध्ये पहिल्या आलेल्या एकांकिकांसाठी. तिकडे न्या, आणि नेताना गाणी घालू नका.