मोटर ओळखा, मग ड्राइव्ह जोडा

व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह), म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘ड्राइव्ह’, मोटरीचा वेग कमीजास्त करणारे उपकरण. तो आता मोठ्या कारखान्यांपुरता उरलेला नाही. लहान वर्कशॉप, पिठाची गिरणी, शेतातला बोअर, सगळीकडे तो दिसतो. पण त्याच्यासोबत एक समजूतही पसरली आहे: मोटर कुठलीही असो, मध्ये ड्राइव्ह टाकला की वेग हातात आला. या समजुतीपायी चांगल्या मोटरी जळतात आणि माणसांना शॉकही बसतात.

आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. चार पोलच्या इंडक्शन मोटरीत या फ्रीक्वेन्सीला चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, थोडा मागे राहून १४४०च्या आसपास फिरतो. वेग बदलायचा तर फ्रीक्वेन्सीच बदलायला हवी. ड्राइव्ह आलेल्या एसीचा आधी डीसी करतो, मग त्याचे सेकंदाला हजारो तुकडे पाडून हव्या त्या फ्रीक्वेन्सीचा एसी पुन्हा घडवतो. हे तुकडे पाडतो आयजीबीटी नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच. त्याच्या जडणघडणीत मोठा वाटा बी. जयंत बालिगा यांचा. आयआयटी मद्रासमधून शिकून अमेरिकेत गेलेल्या बालिगांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये हे काम केले. २०२४ साली त्यांना मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला.

फ्रीक्वेन्सीबरोबर व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करावे लागते. ५० हर्ट्झला ४१५ व्होल्ट, तर २५ला साधारण २०७. तसे केले नाही तर मोटरीचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने संपृक्त होतो, करंट चढतो आणि वायंडिंग तापते. हे गणित ड्राइव्ह स्वतः सांभाळतो, पण नेमप्लेटवरचे व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ आणि आरपीएम त्यात नीट भरले असतील तरच.

थ्री फेज इंडक्शन मोटर ड्राइव्हवर सर्वांत समाधानाने चालते. तिचीही एक अडचण आहे. तिला थंड ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर बसलेला असतो. वेग निम्मा केला की वारा घटतो, पण लोड तेवढाच असेल तर करंट आणि उष्णता फारशी घटत नाही. कन्व्हेयर किंवा लेथ मंद वेगाने तासन् तास चालवायचा असेल, तर स्वतंत्र ब्लोअर लावावा. हवेच्या पंख्याच्या लोडला ही चिंता कमी, कारण तिथे पॉवर वेगाच्या घनाने उतरते: ८० टक्के वेगाला जवळपास निम्मीच लागते. हाच नियम उलट बाजूने महाग पडतो. पंखा ६० हर्ट्झवर पळवला तर पॉवर सुमारे पावणेदोन पट लागते.

खरा घोळ होतो सिंगल फेज मोटरीत. गिरणीच्या किंवा कॉम्प्रेसरच्या कपॅसिटर-स्टार्ट मोटरीत सुरुवातीचे वायंडिंग काही क्षणांपुरतेच असते. मोटर पूर्ण वेगाच्या साधारण पाऊण हिश्शाला पोचली की सेंट्रिफ्यूगल स्विच ते तोडतो. ड्राइव्हने वेग कमी ठेवला तर हा स्विच उघडतच नाही आणि ते वायंडिंग जळते. शिवाय ड्राइव्हमधून येणारे तुकड्यांचे व्होल्टेज कपॅसिटरला सोसत नाही. घरात सिंगल फेजच असेल, तर मोटर बदलून थ्री फेज घ्यावी आणि सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह लावावा, असे माझे ठाम मत आहे. मात्र असा ड्राइव्ह २३० व्होल्टच देतो. स्टार आणि डेल्टा या मोटरीची वायंडिंग जोडण्याच्या दोन पद्धती; ४१५ला स्टारमध्ये चालणारी छोटी मोटर त्यावर डेल्टामध्ये जोडावी लागते.

मिक्सर आणि हँड ड्रिलमधल्या कार्बन ब्रशच्या मोटरी या ड्राइव्हसाठी नाहीतच. त्यांचे वेगनियंत्रण वेगळ्या सर्किटने होते.

सबमर्सिबलकडे, म्हणजे बोअरच्या पाण्यात बुडून चालणाऱ्या पंपाच्या मोटरीकडे, अधिक लक्ष द्यायला हवे. तिचे थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टचा खाली येणारा भार पेलणारे बेअरिंग, पाण्याच्या पातळ थरावर टेकलेले असते आणि तो थर टिकायला किमान वेग लागतो. म्हणून ३० हर्ट्झच्या खाली चालवू नका, आणि तिथपर्यंत सेकंदाभरात पोचवा, असे अनेक उत्पादक सांगतात. दुसरे, पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने घटतो. ३० हर्ट्झला तो ३६ टक्केच उरतो. खोल बोअरमध्ये एवढ्यात पाणी वर येतच नाही, आणि वाहते पाणी नसले की मोटर थंड होत नाही. ‘ड्राइव्ह लावा, बिल निम्मे करा’ ही जाहिरात खोल बोअरला लागू पडत नाही, ती यामुळेच.

तिसरी काळजी केबलची. पाइपलाइनचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला की पाण्याचा दणका उलटा येतो, तसा व्होल्टेजचा प्रत्येक तुकडा लांब केबलच्या टोकाला आपटून परततो. ड्राइव्हच्या आत डीसी सुमारे ५८७ व्होल्ट असतो. मोटरीच्या टर्मिनलवर त्याच्या जवळपास दुप्पट उसळी दिसू शकते. ती वायंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर बसते. जुनी, वायंडिंग दोनदा भरलेली मोटर तिथेच फुटते. दीडशे मीटर केबल असेल तर ड्राइव्हच्या आउटपुटला योग्य फिल्टर हवाच. तिथे होणाऱ्या खर्चात काटकसर करू नये.

पर्मनंट मॅग्नेट मोटर, जी कित्येक सोलर पंपांत असते, तिला ड्राइव्हशिवाय चालताच येत नाही, आणि ड्राइव्हही तिच्या प्रकारासाठी सेट केलेला लागतो. फार मोठा करंट गेला, अती तापली, तर चुंबकच क्षीण होतात. आणखी मोठा धोका थांबल्यानंतरचा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असला तर पाइपातले पाणी खाली उतरताना रोटर उलटा फिरवते. तेव्हा ती मोटर नसते, जनरेटर असते. एमसीबी पाडलेला असूनही टर्मिनलवर व्होल्टेज येते.

इंडक्शन मोटरीत ही भीती कमी, पण ड्राइव्हमधले कपॅसिटर पुरवठा तोडल्यावरही काही मिनिटे भरलेले राहतात. स्क्रीन विझली म्हणजे आतला डीसी संपला असे नाही. लेबलवर दिलेला वेळ थांबावे आणि डीसी टर्मिनलवर, हजार व्होल्ट झेपणाऱ्या मीटरने, मोजूनच हात घालावा. मेगर (इन्सुलेशन तपासणारे मीटर) लावण्याआधी मोटरीच्या वायरी ड्राइव्हमधून सोडवाव्यात, नाहीतर आयजीबीटी जातो. जुना स्टार-डेल्टा स्टार्टर ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये ठेवू नये. आणि डायरेक्ट चालवण्यासाठी बायपास ठेवला असेल, तर त्याला मेकॅनिकल इंटरलॉक, म्हणजे दोन्ही एकाच वेळी जोडले जाऊ न देणारी अडसर, हवा: लाइनचा पुरवठा ड्राइव्हच्या आउटपुटला क्षणभर जरी लागला, तरी ड्राइव्ह संपतो.