इसब लागत नाही, लागतो तो नायटा
आमच्या कोल्हापुरात अजून म्हणतात, इसब (एक्झिमा) झालेल्या पोराला जवळ घेऊ नका, लागतो. नाही लागत ओ, खुशाल कडेवर घ्या! लागतो तो नायटा, कड उठलेली गोल चकती न् मधी साफ, ती बुरशी असते, त्यावर मेडिकलमधनं आणलेली स्टेरॉईडची ट्यूब चोळली की अजूनच पसरते. इसब पोरांना कोपराच्या, गुडघ्याच्या घडीत येतो, कातडी कोरडी खरखरीत. माझ्या पायावर तर चपलेच्या पट्ट्याचाच ठसा उठलेला, तोही इसबच, कातडं कमवताना वापरलेल्या क्रोम या रसायनाची अ‍ॅलर्जी, चपला बदलल्या तेव्हा कुठं बसलं. म्हाताऱ्यांना घोट्याजवळ काळपट पडून खाजतं तोही बऱ्याचदा इसबच, शिरा फुगल्यामुळं झालेला. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, इसबावर स्टेरॉईड डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस.