फोरम सॉफ्टवेअरचा कोड असा का रचलाय

सांगलीत विश्रामबागला आम्ही काही जण रविवारी लॅपटॉप घेऊन बसतो, डिप्लोमाची नि इंजिनिअरिंगची पोरं येतात, आणि फोरम सॉफ्टवेअरचा, म्हणजे ऑनलाइन चर्चेची साइट चालवणाऱ्या प्रोग्रामचा, कोड पहिल्यांदा उघडला की सगळ्यांचं एकच, दादा सुरुवात कुठनं करू. मी म्हणतो आधी हे कधी लिहिलंय ते बघ.

पीएचपीबीबी घ्या, पीएचपी भाषेत लिहिलेलं फोरम सॉफ्टवेअर. जेम्स अ‍ॅटकिन्सननं 2000 मध्ये सुरू केलं. तेव्हाची पद्धत म्हणजे एका पानाला एक फाइल, टॉपिक दाखवायला व्ह्यूटॉपिक डॉट पीएचपी, पोस्ट लिहायला पोस्टिंग डॉट पीएचपी, त्यामुळं ब्राउझरमधला पत्ता बघितला की फाइल सापडायची, नवख्याला ह्यापेक्षा सोपं काय असणार. घोळ व्हायचा तो मॉडमुळं, म्हणजे वरनं जोडलेल्या बदलांमुळं. नवी सोय पाहिजे तर मूळ फाइल उघडायची, अमुक ओळ शोधायची, तिच्याखाली आपला कोड चिकटवायचा, आणि असे पाच-दहा मॉड झाले की नवं व्हर्जन टाकायचं म्हणजे परत सगळं चिकटवत बसा. अपडेट राहून गेलं की काय होतं ते डिसेंबर 2004 मध्ये दिसलं, सँटी नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, ह्याच व्ह्यूटॉपिकमधल्या चुकीतनं आत शिरला, आणि दुरुस्ती तर आधीच्या महिन्यातच आली होती!

2014 च्या पीएचपीबीबी 3.1 मध्ये चित्र बदललं. सिम्फनी ह्या पीएचपीच्या तयार फ्रेमवर्कचे घटक आले, क्लास वेगळ्या फोल्डरात गेले, आणि एक्स्टेन्शनला ईएक्सटी नावाचं स्वतःचं फोल्डर मिळालं, मूळ फाइलला हात न लावता सोय जोडता येते. पण व्ह्यूटॉपिक अजून बाहेरच आहे. जुनं नि नवं शेजारी शेजारी नांदतंय, आणि पोरं गोंधळतात ती इथंच, त्यांना वाटतं आपल्यालाच कळंना.

दुसरं फोरम सॉफ्टवेअर डिस्कोर्स, ते 2013 चं, जेफ अ‍ॅटवुड, रॉबिन वॉर्ड नि सॅम सॅफ्रनचं. रेल्सवर, म्हणजे रुबी भाषेतल्या फ्रेमवर्कवर आहे, म्हणजे कोडची वाटणी मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर. मी मार्केट यार्डाचं उदाहरण देतो, गेटवर माल कुठं जायचा ते ठरतं ते रूट्स, अडत्या म्हणजे कंट्रोलर, गोदामाचा हिशोब मॉडेलकडं, नि व्ह्यू म्हणजे समोर दिसणारं पान. ही वाटणी मूळची 1979 ची बरं का, ट्रिग्वे रीन्सकाऊग यांनी झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात मांडलेली.

मागच्या रविवारी एक पोरगी टॉपिकचं पान व्ह्यूजच्या फोल्डरात तासभर शोधत होती. तिथं जवळजवळ काही नाही, कारण डिस्कोर्समध्ये सर्व्हर बहुतेक वेळा नुसता जेसन, म्हणजे मजकुराच्या रूपातला डेटा, पाठवतो नि पान एम्बर हे जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क ब्राउझरमध्ये रचतं. हे सांगितल्यावर तिनं रूट्सची फाइल उघडली, तिथनं टॉपिक्स कंट्रोलर, तिथनं डेटाचा जेसन करणारा सीरियलायझर, आणि जेवायच्या आत एम्बरच्या टेम्प्लेटपर्यंत पोचली.